थायरॉइडचे डॉक्टर पुण्यात, पेशंट चोपड्यात: फोनवरचे उपचार कुठे जमतात आणि कुठे जमत नाहीत

चोपड्याहून पुण्याला दाखवायला जायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी दवाखान्याबाहेर नंबर, दुपारी दहा मिनिटांची भेट आणि परत रात्रीची ट्रॅव्हल्स. तिकिटं, बाहेरचं जेवण, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, आणि बाई एकटी जाणार नाही म्हणून सोबत येणाऱ्याचीही मजुरी. एवढं सगळं करून डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकतात आणि म्हणतात, "डोस हाच ठेवा, तीन महिन्यांनी दाखवा." शहाद्याचा, अमळनेरचा, चाळीसगावचा पेशंटही हेच सांगेल, फक्त कुणी पुण्याऐवजी नाशिकला जातं, कुणी संभाजीनगरला, तर नवापूर-नंदुरबारकडचे लोक सुरतेला. कोविडच्या काळात नाइलाज म्हणून व्हिडिओ कॉल आणि व्हॉट्सॲपवरचे रिपोर्ट सुरू झाले. पुढे कोविड ओसरला, पण ही सवय राहिली, कारण तिच्यामुळे खरोखरच माणसांचे पैसे आणि दिवस वाचले.

माझं मत आधीच सांगते. थायरॉइडचा आजार दुरून सांभाळायला फार सोयीचा आहे, पण दुरून ओळखायला तो तितका सोयीचा नाही. रुग्णांचे जे चांगले-वाईट अनुभव ऐकू येतात, त्यांतले बहुतेक या एका फरकाशी येऊन थांबतात. तो नीट कळावा म्हणून आधी आजाराचं गणित समजून घेऊ.

रिपोर्टवरचा आकडा काय सांगतो

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली असलेली छोटीशी ग्रंथी. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीरातली प्रत्येक पेशी किती वेगानं काम करेल, हे त्यांच्यावर ठरतं. ग्रंथी मंदावली की सगळंच मंदावतं: थकवा, अंग जड, बद्धकोष्ठता, थंडी सोसत नाही, केस गळतात, पाळी बिघडते, वजन थोडं वाढतं. ग्रंथी जास्त काम करू लागली की याच्या उलट: धडधड, हाताला कंप, घाम, भूक असूनही वजन उतरणं, झोप न लागणं.

रिपोर्टवर ज्याचा आकडा असतो तो टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, मात्र थायरॉइडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. केळीच्या बागेत ड्रिपच्या शेवटच्या नळीला पाणी पोचेना, की तिथला माणूस मोटारीजवळच्याला हाक मारतो. पाणी जितकं कमी, तितका आवाज मोठा. टीएसएच ही तशी हाक आहे. म्हणून थायरॉइड कमी पडली की टीएसएच वाढतो आणि जास्त झाली की तो घसरतो. "माझा थायरॉइड वाढलाय" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा वाढलेला असतो टीएसएच, आणि ग्रंथी कमी काम करत असते.

प्रौढांमध्ये टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ अशी छापलेली असते. लॅबप्रमाणे ती थोडी बदलते. कमी पडणाऱ्या थायरॉइडवरचं औषध एकच, लिव्होथायरॉक्सिन. ग्रंथी जे टी-४ बनवते तेच गोळीतून मिळतं. या गोळीची एक खासियत दूरच्या उपचारांच्या पथ्यावर पडते. ती शरीरातून फार सावकाश कमी होते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलला की नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायला सांगतात. त्याआधी केलेला रिपोर्ट अर्धवट चित्र दाखवतो. पंधरा दिवसांत फरक दिसेना म्हणून स्वतःच डोस वाढवणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते.

आता लक्षात येईल की हा आजार फोनवर का चालतो. गावातल्या किंवा तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिलं, रिपोर्ट मोबाइलवर आला, डॉक्टरांनी आकडा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि डोस तोच ठेवला किंवा पंचवीस मायक्रोग्रॅमनं बदलला. निदान पक्कं असलेल्या आणि डोस बसलेल्या माणसाला यासाठी ट्रॅव्हल्समध्ये बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

चांगले अनुभव कुणाचे असतात

ज्यांचं निदान आधी समोरासमोर झालेलं असतं, त्यांचे. गळा एकदा हातानं तपासला गेला आहे, गरज होती तिथे सोनोग्राफी झाली आहे, कारण कळलं आहे, आणि आता फक्त डोस जुळवायचा आहे. अशा बायका मनापासून सांगतात की त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. केळी कापणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीत मजुरी सोडून जावं लागत नाही. शंका आली की विचारता येतं. पूर्वी ती शंका पुढच्या वारीपर्यंत मनात ठेवावी लागायची आणि तोवर विसरूनही जायची.

दुसरा चांगला अनुभव सातपुड्यातला आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा दोन प्रकारे चालते. एकात माणूस घरूनच मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलतो. ती एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. दुसरी त्याआधीची, नोव्हेंबर २०१९ पासूनची. तिच्यात पेशंट गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जातो, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसतात आणि पडद्यावर मोठ्या केंद्रातले डॉक्टर असतात. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या माणसाला ही दुसरी पद्धत जास्त लाभते. घरी रेंज मिळत नाही, हा तर साधाच मुद्दा. मोठा मुद्दा असा की शेजारी बसलेला माणूस नाडी मोजतो, वजन करतो, बीपी घेतो, डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का पाहतो, आणि पावरी किंवा भिलोरीत सांगितलेला त्रास डॉक्टरांना मराठीत सांगतो. डॉक्टर लांब असले तरी तपासणारे हात पेशंटजवळ असतात. थायरॉइडसाठी दूरच्या उपचारांचा हाच प्रकार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. खासगी डॉक्टरांकडे कॉलवर दाखवणाऱ्यांनीही त्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडून नाडी, बीपी आणि वजन लिहून आणावं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यानं कॉलचा उपयोग दुपटीनं वाढतो.

वाईट अनुभव कुठून येतात

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "रिपोर्ट नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे, पण माझा थकवा आहे तिथेच आहे." बाई खोटं बोलत नसते आणि डॉक्टरही चुकीचं सांगत नसतात. फोनवर आकडा दिसतो, माणूस पूर्ण दिसत नाही. थकव्याला कारणं पुष्कळ: हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी, साखर, अपुरी झोप, मन खचलेलं असणं. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, आणि तिथल्या थकलेल्या मुलीच्या फक्त थायरॉइडवर नजर ठेवली तर खरा आजार बाजूला राहतो. पडद्यावर चेहऱ्याचा फिकेपणा कळत नाही. म्हणून टीएसएच जागेवर असूनही त्रास असेल, तर "मग माझ्या थकव्याचं दुसरं कारण काय असेल, कोणत्या तपासण्या करू?" हा प्रश्न स्पष्ट विचारावा. तो विचारायला संकोच वाटू देऊ नये.

दुसरा त्रास उलट दिशेचा. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये टीएसएच ६ च्या आसपास आला, टी-४ नॉर्मल, कसलाही त्रास नाही. रिपोर्ट कुठल्यातरी ॲपवर पाठवला आणि चॅटवरच गोळी सुरू झाली. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएच १० च्या खाली असेल आणि टी-४ ठीक असेल, तर बऱ्याच वेळा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून मगच ठरवतात, कारण हा आकडा पुष्कळदा आपसूक खाली येतो. वय वाढलं की टीएसएच थोडा जास्त असणं स्वाभाविकही असतं. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बाईचा हिशेब वेगळा; तिथे थांबू नये. पण सत्तरीच्या आजोबांना एका रिपोर्टवर पूर्ण डोस सुरू करणं धोक्याचं आहे. वयस्कर आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हे औषध अगदी कमी डोसनं सुरू करतात, कारण जास्त झालेली गोळी हृदयाची लय बिघडवते आणि पुढे हाडंही ठिसूळ करते. "गोळी चांगलीच ना, थोडी जास्त झाली तर काय होतं" असं या औषधाबद्दल म्हणता येत नाही.

आणि एक त्रास असा, जो शहरातल्या डॉक्टरांच्या कल्पनेतही येत नाही. आपल्याकडे स्मार्टफोन बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. कॉल सुरू असतो, फोन मुलाच्या हातात असतो, सासूबाई बाजेवर बसलेल्या असतात, आणि डॉक्टर विचारतात, "पाळी नियमित येते का? रक्तस्राव जास्त होतो का?" बाई मान हलवते आणि "सगळं बरं आहे" म्हणते. थायरॉइडमध्ये पाळी, गर्भ न राहणं, पोट वारंवार पडणं, मन उदास होणं हे प्रश्न मधोमध आहेत, आणि ते न विचारले गेले तर अर्धी तपासणी झालीच नाही. ज्या घरात एकांत मिळत नाही, त्या घरातल्या बाईनं उपकेंद्रात जाऊन बोलावं किंवा आशाताईंना सोबत घ्यावं. आणि मुलांनो, आईचा कॉल लावून दिलात की फोन तिच्या हातात द्या आणि अंगणात जाऊन बसा.

गोळी तीच, मग टीएसएच का हलतो?

कॉलवर डोस वाढवण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा, आणि त्याचं उत्तर पेशंटच्या घरात असतं. लिव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्याकडे पहाटे शेतात निघायच्या घाईत गोळी आणि चहा एकाच घोटात जातात. मग गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच वर जातो, डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कधी सवय सुधारली की तोच वाढलेला डोस जास्त होऊन धडधड सुरू होते. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेता येते. वेळ रोज एकच असली पाहिजे.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाला आतड्यातच अडवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊन जातात, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण थायरॉइडची चिठ्ठी लिहिणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना त्या गोळ्यांची खबर नसते, आणि आशाताईंना थायरॉइडच्या गोळीची. दोघांनाही सांगायचं काम घरच्यांचं. ॲसिडिटीची रोज घेतली जाणारी गोळीही यात येते, ती सांगायला विसरू नये. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनचा प्रकार निराळा: ते गोळीला अडवत नाही, पण रक्ताच्या चाचणीचा आकडाच फसवा दाखवू शकतं. चाचणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं.

उन्हाळ्याचं तर आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल तिन्हींना नाजूक आहे. पत्र्याच्या छताखालच्या फडताळात किंवा चुलीजवळच्या फळीवर बाटली ठेवू नये. गोळ्या मूळ बाटलीतच, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. ऑनलाइन मागवलेलं पार्सल दिवसभर गाडीच्या डिकीत फिरलं असेल, तर उन्हाळ्यापुरती गावातल्या मेडिकलमधूनच बाटली घेणं बरं. आणि मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर नावाची नोंद करून ठेवावी. औषध तेच असलं तरी कंपनी बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहिलेला चांगला.

चाचणीचीही एक शिस्त आहे. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो. पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून दर वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमारास आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं. यासाठी उपाशी राहायलाच हवं असं नाही. शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध लढतंय का, हे सांगणारी अँटी-टीपीओ ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की दर वेळी पुन्हा करायची गरज नसते. त्या पैशात पुढची टीएसएच होते.

इथे मात्र गाडी पकडायची

गळ्यात गाठ किंवा सूज दिसली, गिळताना अडकतंय, आवाज बसलाय आणि सुटत नाही, तर ती गाठ हाताला लागल्याशिवाय आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय काहीही ठरवता येत नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण साधी कोणती हे कॅमेऱ्यातून कळत नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तसंच जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आता आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी पुणे गाठण्याची गरज प्रत्येकाला राहिलेली नाही.

ग्रंथी जास्त काम करत असेल तर सुरुवात समोरासमोरच व्हावी. ग्रंथीला सतत जास्त काम करायला लावणारा ग्रेव्हज हा आजार आहे की बाळंतपणानंतर आपोआप उतरणारी सूज आहे, हे ठरल्याशिवाय ग्रंथीचं काम कमी करणारं औषध देता येत नाही. चुकीच्या कारणावर बरोबर गोळी निरुपयोगी. कार्बिमॅझोल, म्हणजे ग्रंथीचं काम कमी करणारी गोळी, घेणाऱ्या प्रत्येकानं एक गोष्ट पाठ करून ठेवावी: ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित या औषधानं त्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात. इथे व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून उत्तराची वाट पाहत बसायचं नाही. छातीत दुखणं, धाप लागणं, ठोके अनियमित पडणं, किंवा थायरॉइड कमी असलेला म्हातारा माणूस गार पडून सुस्त होत जाणं, हेही थेट दवाखान्यात नेण्याचे प्रसंग आहेत.

नवजात बाळाची टीएसएच चाचणी पहिल्या काही दिवसांत करायची असते, आणि ती वाढलेली आली तर उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत, कारण बाळाचा मेंदू त्या संप्रेरकावर घडत असतो. इथे फोनवर दिवस घालवू नयेत. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला दिवस गेल्याचं कळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही. गरोदरपणात डोसची गरज साधारण पाव ते निम्म्यानं वाढते, आणि पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. हा फोन मात्र अगदी योग्य जागी केलेला फोन आहे.

कॉल लावण्याआधी

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० रोजी आले. त्यांतल्या तीन गोष्टी पेशंटला माहीत असाव्यात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असला पाहिजे. समोरासमोर दाखवून सहा महिने होण्याआत त्याच आजारासाठी केलेला कॉल हा पुढच्या तपासणीचा धरला जातो. त्यानंतरचा कॉल पहिल्यासारखा मानून सगळी माहिती नव्यानं द्यावी लागते. आणि फोनवर भागणार नाही असं वाटलं, तर "प्रत्यक्ष या" म्हणण्याचा डॉक्टरांना पूर्ण अधिकार आहे. असं म्हणणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नये. पेशंटची काळजी घेणारे डॉक्टरच असं सांगतात.

रिपोर्टचा फोटो उजेडात, पूर्ण पान दिसेल असा काढावा. तारीख आणि लॅबची मर्यादा कापली गेली तर आकड्याला अर्थ राहत नाही. एका साध्या वहीत तारीख, टीएसएच, चालू डोस, कंपनीचं नाव, वजन आणि नाडी अशी ओळ ओढत जावी. डॉक्टर बदलले, मोबाइल फुटला, व्हॉट्सॲप उडालं, तरी वही राहते. कॉल संपण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात: पुढची टीएसएच कोणत्या महिन्यात, आणि मध्ये काही झालं तर गावाजवळ कुणाला दाखवायचं. त्या गावाजवळच्या डॉक्टरांना हीच चिठ्ठी एकदा नेऊन दाखवावी, म्हणजे रात्री-अपरात्री धडधड वाढली तर त्यांना पहिल्यापासून सगळं विचारत बसावं लागणार नाही.